कॅप्टनची बायको : जॉर्जियाना मॉलॉयचा कुलवृत्तांत

कुलवृत्तांत लिहायला बसलेल्या माणसाला पुरुषांची नावं मिळतात, जमिनीचे कागद मिळतात, नोकरीतल्या बढत्यांच्या तारखाही मिळतात. घरात आलेल्या सुनेबद्दल मात्र ‘अमक्यांची कन्या, तमुक साली विवाह, अपत्यं इतकी’ यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. आपल्याकडचे जाडजूड कुलवृत्तांत उघडा, पानोपानी हेच दिसेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून जहाजात बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला गेलेल्या बायकांचंही तेच झालं. नवऱ्याच्या नावावर जमीन, नवऱ्याच्या नावावर पद, आणि प्रवाशांच्या यादीत नवऱ्यामागे ‘पत्नी’.

जॉर्जियाना मॉलॉयचं प्रकरण मी अभ्यासासाठी घेतलं, कारण इथे नेमकं उलट घडलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाला जाऊन राहिलेली, सात बाळंतपणं झालेली, अडतिसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत गेलेली ही बाई. तिच्या नवऱ्याचं नाव सरकारी दप्तरात जागोजागी आहे, पण आज लोक त्याला ओळखतात ते तिचा नवरा म्हणून. हे कसं झालं, आणि अशा बाईचा कुलवृत्तांत लिहायचा तर कोणत्या कागदाला काय विचारायचं, हा या प्रकरणाचा गाभा.

माहेर

जॉर्जियाना केनेडीचा जन्म २३ मे १८०५ चा, इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलंडमधल्या कार्लाइल शहराजवळचा. घर खाऊनपिऊन सुखी, चांगल्या प्रतिष्ठेचं. ती वयात येण्याआधीच वडील घोड्यावरून पडून गेले आणि घराची घडी विस्कटली. कुटुंब रग्बीला हलवलं गेलं. जॉर्जियाना दिवसेंदिवस कडक धार्मिक होत गेली, घरच्यांशी खटके उडू लागले, आणि शेवटी ती स्कॉटलंडमध्ये डनलॉप नावाच्या स्नेही कुटुंबाकडे जाऊन राहिली. त्या घरातल्या मुली तिच्या सख्ख्या बहिणींपेक्षा जवळच्या झाल्या. हा तपशील बारीक वाटतो, पण पुढचा सगळा पुरावा त्यावर उभा आहे. मनातलं लिहायला माणूस हवं असतं, आणि तिला ते डनलॉप मुलींमध्ये मिळालं होतं.

ऑगस्ट १८२९ मध्ये तिचं लग्न कॅप्टन जॉन मॉलॉयशी झालं. तो रायफल ब्रिगेडचा अधिकारी, स्पेन-पोर्तुगालची युद्धं पाहिलेला, वॉटर्लूला जखमी झालेला. वयाने तिच्यापेक्षा खूप मोठा. युद्धं संपली होती, सैन्यात पुढे सरकायला वाव नव्हता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान नदीकाठी नवी वसाहत सुरू झाली होती. तिथला जमिनीचा नियम समजून घेतला की बरंच काही उलगडतं. येताना जी मालमत्ता आणाल तिच्या दर ३ पौंडांमागे ४० एकर जमीन. सोबत आणलेल्या प्रत्येक मजुराचे १५ पौंड धरलेले, म्हणजे एका मजुरामागे २०० एकर. मध्यम ऐपतीच्या अधिकाऱ्याला मायदेशी सात जन्मांत मिळाली नसती एवढी जमीन एका प्रवासात नावावर होत होती. नोकर-चाकर, जनावरं, अवजारं घेऊन मॉलॉय जोडपं ‘वॉरियर’ जहाजात चढलं ते त्या हिशेबाने. निघताना जॉर्जियानाच्या लग्नाला जेमतेम दोन-तीन महिने झाले होते, आणि प्रवासात तिला दिवस होते.

तंबूतलं बाळंतपण

मार्च १८३० मध्ये जहाज फ्रीमँटलला लागलं, तोवर स्वान नदीकाठची चांगली जमीन वाटून संपली होती. गव्हर्नर स्टर्लिंगने मॉलॉय, बसेल बंधू आणि टर्नर कुटुंब यांना दक्षिणेला, आजच्या पर्थपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, लीउविन भूशिराजवळ नवी वस्ती करायला सुचवलं. मेच्या सुरुवातीला ही मंडळी तिथे उतरली. वस्तीचं नाव पडलं ऑगस्टा. मॉलॉय तिथला दंडाधिकारी झाला.

त्या भागात मे महिना म्हणजे पावसाळ्याचं तोंड. घर नव्हतं, डॉक्टर नव्हता, पाण्यापर्यंत उतरलेलं प्रचंड झाडांचं जंगल होतं. २४ मे रोजी, म्हणजे जॉर्जियानाला पंचवीस पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तंबूत तिला मुलगी झाली. ती थोडेच दिवस जगली.

वंशावळीत ही नोंद एका ओळीत संपते, आणि बऱ्याच घराण्यांत तर ती ओळही नसते. ही आपल्याला माहीत आहे ती पुढच्या एका पत्रामुळे. डनलॉपांची हेलन आता एका धर्मगुरूची पत्नी झाली होती आणि तिचंही बाळ गेलं होतं. तिचं सांत्वन करताना जॉर्जियानाने साडेतीन वर्षं मनात ठेवलेलं लिहून टाकलं: माझं बाळ माझ्या हातात गेलं तेव्हा मॉलॉयखेरीज जवळ कुणी नव्हतं, आणि जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. छोट्या थडग्यावर तिने इंग्लंडहून आणलेलं क्लोव्हरचं गवत लावलं होतं. त्या रानात ती हिरवी चौकट फार एकटी आणि विचित्र दिसते, असं ती लिहिते.

मला या पत्रात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हे दुःख तिने घडलं तेव्हा कुणाला लिहिलेलं दिसत नाही. समोरच्या बाईवर तीच वेळ आली तेव्हा ते बाहेर आलं. बायकांच्या आयुष्यातल्या कितीतरी घटना अशाच, दुसरीच्या घटनेला धरून, कागदावर येतात. म्हणून घरातली जुनी पत्रं चाळताना फक्त आपल्या माणसाच्या तारखा पाहून भागत नाही. समोरच्याच्या घरी तेव्हा काय घडत होतं तेही पाहावं लागतं.

टेबलभर पत्रं

१८३१ मध्ये साबिना झाली, १८३४ मध्ये मेरी. त्याच काळातल्या एका पत्रात जॉर्जियाना आपल्या संध्याकाळची यादी देते. डोकं ठणकतंय. धुतलेले कपडे घड्या करून ठेवायचेत. बाळाला झोपवायचंय. चहा करायचाय आणि तो बिनदुधाचाच प्यायचाय, कारण गाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरली म्हणून तिला गोळी घातलीये. मग प्रार्थना म्हणायची, आणि ही टेबलभर पत्रं जहाजासाठी तयार करायची. पुढे ती मैत्रिणीला विचारते, काही झालं तरी बोलायला आपल्या दर्जाची एकही बाई नाही अशा जागी तीन वर्षं काढायला तुला कसं वाटेल?

या वाक्यावर थांबायला हवं. ऑगस्टात बायका होत्या. मॉलॉयांच्या स्वतःच्या नोकरांच्या बायका होत्या, त्यांच्याही कडेवर मुलं होती. त्या भागातल्या मूळ रहिवासी नुंगर लोकांच्या वार्डांडी गटातल्या बायका तर हजारो वर्षांच्या वहिवाटीने तिथे होत्याच. जॉर्जियानाचा एकटेपणा खरा आहे, पण त्याची चौकट तिच्या वर्गाने आखलेली आहे. तिचं पत्र टिकलं. तिच्याकडे कपडे धुणाऱ्या बाईने पत्र लिहिलंच नसेल, कदाचित तिला लिहिताही येत नसेल. एका बाईचा आवाज सापडला म्हणून सगळ्या बायकांचा सापडला असं समजणं ही अशा अभ्यासातली सगळ्यात सोपी चूक.

वस्ती काही बाळसं धरत नव्हती. एकेक झाड पाडायला दिवसचे दिवस लागत. बसेल बंधूंचं घर जळालं आणि ते उत्तरेला व्हास नदीकाठी मोकळ्या जमिनीवर निघून गेले. मॉलॉय कुटुंब मागे राहिलं. जॉर्जियानाने त्या आडरानात बाग केली, इंग्लंडच्या आणि वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, मिळालेल्या बियांची. या बागेची कीर्ती पुढे भलत्याच ठिकाणी पोचली.

बियांची पेटी

डिसेंबर १८३६ मध्ये तिला लंडनहून एक पेटी आली. पाठवणारा जेम्स मँगल्स, नौदलाचा निवृत्त कॅप्टन आणि गव्हर्नर स्टर्लिंगच्या बायकोचा चुलतभाऊ. त्याला वनस्पतींचा नाद होता. इंग्लंडात तेव्हा श्रीमंतांच्या काचघरांमध्ये परदेशी झाडांची चढाओढ लागली होती आणि ऑस्ट्रेलियातल्या नव्या बियांना मोठी मागणी होती. मँगल्सने इंग्लिश बिया पाठवल्या आणि बदल्यात तिच्या भोवतालच्या रानातल्या मागितल्या. दोघांची ओळख नव्हती, भेट तर कधीच झाली नाही. तिने होकार कळवला, पण आपल्याला वनस्पतिशास्त्र येत नाही आणि घरच्या कामातून वेळ मिळणं कठीण आहे हेही सांगितलं.

मग नोव्हेंबर १८३७ आला. तिचा एकुलता एक मुलगा, एकोणीस महिन्यांचा जॉनी. चालायला लागलेलं मूल रानात दिसेनासं होऊ नये म्हणून त्याच्या कमरेला छोटी घंटी बांधलेली असे. एका सकाळी घंटीचा आवाज येईना. शोधाशोध झाली, आणि मूल घराजवळच्या विहिरीत सापडलं.

हे सगळं आपल्याला मँगल्सला लिहिलेल्या पत्रातूनच कळतं. जानेवारी १८३८ मध्ये, न भेटलेल्या त्या माणसाला तिने ती सकाळ सविस्तर लिहिली, आणि अनोळखी माणसावर दुःख लादल्याबद्दल संकोचही व्यक्त केला. त्याच काळात बियांचं काम तिने पूर्ण मनाने हातात घेतलं. मुलगा गेला म्हणून ती फुलांकडे वळली, असं सोपं सूत्र मी मांडणार नाही. तिने होकार आधीच दिला होता. पण आता या कामाला तिने जो वेळ दिला, जी शिस्त लावली, ती आधी दिसत नाही.

मँगल्सने वाळवलेले नमुने चिकटवायला कोरी वही पाठवली होती. जॉर्जियाना डहाळी दाबून वाळवायची, तिला क्रमांक द्यायची, आणि त्याच जातीच्या बियांच्या पुडीवर तोच क्रमांक घालायची. ऐकायला साधं वाटतं, पण त्या काळी इंग्लंडला जाणाऱ्या बियांमध्ये हे फार थोडे लोक करत. बहुतेक पुड्यांत काय आहे ते उगवल्यावरच कळे, आणि निम्म्या उगवतच नसत. हिच्या बिया स्वच्छ, पक्व आणि ओळख पटणाऱ्या होत्या. फूल आलेल्या दिवसांत झाड हेरून ठेवायचं आणि बी धरल्यावर परत त्याच झाडापाशी जायचं, हे ती सहा-सात वर्षांच्या साबिनाला आणि धाकट्या मेरीला बरोबर घेऊन करत होती. क्रमांकांची यादी पाठवताना तिने मँगल्सकडे वनस्पतींची नावं परत कळवायची विनंती केली. तिला आपण काय गोळा करतोय ते जाणून घ्यायचं होतं.

या कामात नुंगर लोकांची मदत मोठी होती. कुठलं झाड कुठे, कधी फुलतं, बी कधी गळतं हे त्यांना माहीत होतं, आणि गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा हे लोक या कामाला कितीतरी चांगले, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. बियांच्या पुडीवर मात्र त्यांतलं एकही नाव गेलं नाही.

पेटी लंडनला पोचली तेव्हा मँगल्सने बिया वाटल्या. काही चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनकडे गेल्या, काही हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडलीने तिचे नमुने अभ्यासले. ते आज केंब्रिज आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. या कामाचा एक पैसाही तिने घेतला नाही. बोरोनिया या फुलझाडाच्या एका उंच जातीला पुढे तिचं नाव मिळालं, बोरोनिया मॉलॉयी.

कुलवृत्तांताच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट मँगल्सने वेगळीच केली. आलेल्या पत्रांच्या नकला त्याने वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या. त्या वह्या आज पर्थच्या ग्रंथालयात आहेत. जॉनीच्या मृत्यूचं सविस्तर वर्णन टिकलं ते वनस्पतींच्या व्यवहाराची नोंद म्हणून. घराण्याच्या माणसांनी नव्हे, बियांच्या गिऱ्हाइकाने ते जपलं. आपल्याकडेही घरच्या बायकांच्या खुणा दुकानदाराच्या खतावणीत, देवस्थानाच्या देणगी वहीत, मिशनच्या शाळेच्या अहवालात सापडतात, घरच्या पेटीत नाही. शोध घेणाऱ्याने आधी घरच्या पेटीबाहेरच बघावं, असं माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं.

व्हास, आणि पत्रांत मोठ्याने न आलेलं

मे १८३९ मध्ये कुटुंब व्हासला, आजच्या बसेलटनला, हललं. नवं घर, पुन्हा पहिल्यापासून बाग. १८३८ मध्ये अमेलिया झाली होती, १८४० मध्ये फ्लोरा झाली. लंडनला बिया जातच होत्या. न्यूटसिया नावाचं, नाताळच्या दिवसांत भडक केशरी फुलणारं झाड तिथे आहे. त्याच्या बिया मँगल्सला हव्या होत्या आणि त्यासाठी तिने पुन्हा पुन्हा खटपट केली.

फेब्रुवारी १८४१ मध्ये व्हासजवळ वोनरप इथे जॉर्ज लेमन हा वसाहतकरी वादातून गेवाल या वार्डांडी माणसाच्या भाल्याने मारला गेला. त्यानंतर दंडाधिकारी जॉन मॉलॉय आणि बसेल बंधू हत्यारबंद टोळी घेऊन बाहेर पडले आणि नुंगर माणसं मारली गेली. गेवालही पुढच्या महिन्यात मारला गेला. त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या कागदांत मृतांचा आकडा लहान आहे. १८९७ मध्ये छापलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात, आणि नुंगर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या आठवणीत, ते मोठं हत्याकांड आहे.

फुलांची शोधक, दुःखी आई, चिवट गृहिणी अशी जॉर्जियानाची गोड गोष्ट सांगताना हे पान गाळलं जातं. मला ते गाळणं अन्यायाचं वाटतं, मारल्या गेलेल्यांवर आणि तिच्यावरही. ज्या माणसांनी तिला बी कुठे मिळतं ते दाखवलं, त्यांच्याच लोकांवर तिचा नवरा बंदूक घेऊन गेला. ती त्याच घरात, त्याच टेबलाशी बसून पत्रं लिहीत होती. कुटुंबाचा इतिहास म्हणजे त्या घराच्या जमिनीचाही इतिहास, आणि ३ पौंडांना ४० एकर हा हिशेब ज्यांच्या जमिनीवर मांडला गेला ते या वंशावळीत कुठेच नाहीत.

मुलींचं घराणं

डिसेंबर १८४२ मध्ये सातवं बाळंतपण झालं. पुन्हा मुलगी, तिलाही जॉर्जियाना नाव दिलं. आई त्यातून उठलीच नाही. चार महिने अंथरुणात काढून ८ एप्रिल १८४३ रोजी ती गेली. साडेबारा वर्षांत सात बाळंतपणं झाली होती. मागे पाच मुली राहिल्या, थोरली अकरा वर्षांची, धाकटी चार महिन्यांची. तिच्या मृत्यूनंतर बिया घेणाऱ्यांपैकी न्यूकॅसलच्या जॉर्ज हेल्सने मँगल्सला कळवलं की परदेशी जाणाऱ्या दहा हजारांत एखादाही मायदेशाच्या बागांसाठी एवढं करत नाही.

मुलाकडून वंश मोजायच्या आपल्या जुन्या पद्धतीने पाहिलं तर मॉलॉयांची ही शाखा विहिरीपाशी खुंटली. अशा शाखेपुढे आपले कुलवृत्तांत एक फुली मारतात आणि पुढच्या भावाकडे वळतात. पण मुलींच्या बाजूने पाहा. साबिनाने १८४८ मध्ये मॅथ्यू हेलशी लग्न केलं. या धर्मगुरूने दोन वर्षांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात पूनिंडी इथे आदिवासींसाठी मिशन उघडलं. तो पुढे पर्थचा पहिला अँग्लिकन बिशप झाला, नंतर ब्रिस्बेनचा. ज्या मुलीच्या वडिलांनी वोनरपला टोळी नेली, तिच्या संसाराची सुरुवातीची वर्षं आदिवासींच्या मिशनमध्ये गेली. मेरीने १८५५ मध्ये एडमंड ड्यू केनशी लग्न केलं. हा इंजिनिअर अधिकारी कैद्यांच्या कामासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात आला होता. पुढे तो इंग्लंडच्या तुरुंगांचा प्रमुख झाला, लंडनचा वर्मवुड स्क्रब्ज तुरुंग त्याने उभारला. आई ज्या देशातून आली तिथे मेरी परत गेली. जॉन मॉलॉय १८६७ पर्यंत जगला.

हा कुलवृत्तांत मला छापायला दिला असता तर मी तक्ता असा मांडला असता: जॉर्जियाना केनेडी वर, तिच्या नावाखाली सातही अपत्यं, तंबूतलं बाळ आणि जॉनी धरून, आणि पाचही मुलींच्या शाखा पूर्ण खालपर्यंत. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कागदातून आली ते: हेलनला लिहिलेलं पत्र, मँगल्सची वही, केंब्रिजचा नमुना. आणि १८४१ च्या वर्षापुढे, त्याच अक्षरात, गेवालचं नाव.